मौखिक परीक्षेचा फ्रेंच दस्तुर

मुंबई-पुण्याकडचा जो विद्यार्थी फ्रेंचच्या वरच्या श्रेणीच्या 'दाल्फ' परीक्षेस बसतो, त्याच्या हाती समाज, शिक्षण वा इतिहास अशा एखाद्या विषयावरचे उतारे देऊन तासाभराच्या तयारीनंतर त्याला परीक्षकांपुढे बोलावले जाते, तेव्हा आपली भाषा तेवढी तपासली जाणार अशी त्याची भाबडी समजूत असते; वस्तुतः त्याची गाठ दोन शतके मुरलेल्या एका दस्तुराशी पडलेली असते.

17 मार्च 1808 च्या हुकुमाने नेपोलियनने 'बाकालोरेआ' ही पदवी मुक्रर केली आणि दुसऱ्या वर्षी ती अवघ्या 31 उमेदवारांना मिळाली. 1830 मध्ये लेखी निबंधाची जोड मिळेपर्यंत ही परीक्षा सर्वस्वी तोंडी होती. ग्रीक-लॅटिन ग्रंथकार, वक्तृत्वशास्त्र, इतिहास, भूगोल आणि तत्त्वज्ञान यांवर उमेदवाराचा जाबजबाब होई. पुढे प्रश्नांच्या याद्या आगाऊ जाहीर होऊन चिठ्ठी काढून प्रश्न विचारण्याची वहिवाट पडली, आणि त्याबरोबर तयार उत्तरांच्या पुस्तिका छापणाऱ्यांचा धंदाही तेजीत आला. आपल्याकडील गाइडांना नाके मुरडणाऱ्यांनी हे पूर्वज ध्यानात ठेवावेत.

त्या काळी गुण आकड्यांत नव्हते. परीक्षक गोळ्या टाकीत: पांढरी म्हणजे संमती, काळी म्हणजे नापसंती, तांबडी या दोहोंच्या मधली. ऑगस्ट 1861 मध्ये ल्यों येथे झ्युली-व्हिक्त्वार दोबिए ही सदतिशीची शिक्षिका या परीक्षेस बसली, तेव्हा तिच्या वाट्याला सहा तांबड्या, तीन पांढऱ्या आणि एक काळी गोळी आली, आणि ती फ्रान्समधील पहिली पदवीधर स्त्री ठरली. हिशेबनिसाची ही मुलगी आपल्या धर्मोपदेशक भावापाशी ग्रीक आणि लॅटिन शिकली होती, आणि गरीब स्त्रियांच्या स्थितीवरील तिच्या निबंधाला 1859 मध्येच ल्योंच्या अकादमीचे पारितोषिक मिळालेले होते. म्हणजे ज्या समाजशास्त्रीय विषयांवर आज विद्यार्थ्यांना बोलते केले जाते, त्यांवर ती परीक्षेपूर्वीच अधिकाराने लिहीत होती. तरीही उत्तीर्ण झाल्यावर तिची सनद सरकारदरबारी अडून राहिली, आणि ल्योंचे उद्योगपती आर्लेस-द्युफूर यांना त्यासाठी खटपट करावी लागली. ती एक काळी गोळी कोणाची होती, हे जाणून घ्यायला मला आवडले असते.

इतिहास हा विषय तर राज्यकर्त्यांना सदैव अडचणीचा. स्वतः इतिहासकार असलेले व्हिक्तोर द्युर्युई 1863 मध्ये शिक्षणमंत्री झाले आणि त्यांनी 1789 पासून थेट वर्तमानापर्यंतचा काळ शाळेत आणला; ज्या राजवटीचा पगार परीक्षक घेत होता, तिच्या जन्माची हकीगत आता वर्गात सांगावयाची होती, आणि असा विषय बोलताना विद्वत्तेइतकीच सावधगिरी लागे.

1890 मध्ये गोळ्या जाऊन विसांपैकी गुण आले. 1945 मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय प्रशासन विद्यालयाची प्रवेशासाठीची बडी मौखिक परीक्षा तर प्रेक्षकांसमोर होत असे. 2021 पासून 'बाकालोरेआ' या शालान्त परीक्षेतही 'ग्रां ओराल', म्हणजे बडी मौखिक परीक्षा, आली. विद्यार्थ्याने दोन प्रश्न तयार करून न्यावयाचे आणि त्यांतला एक परीक्षकांनी निवडावयाचा. 'दाल्फ' हे या घराण्यातले परदेशीयांसाठीचे धाकटे अपत्य. त्याचा जन्म 1985 चा.

या परीक्षेत भाषण आठ-दहा मिनिटांचे असते आणि त्यानंतरची चर्चा पंधरा-वीस मिनिटांची, म्हणजे वेळेचा मोठा वाटा जाबजबाबाचाच. तेव्हा भावी उमेदवारांनी सुबक प्रस्तावना घोकण्यात रात्री घालवू नयेत. एखाद्या जाणत्या मित्राला समोर बसवून, त्याला आपल्या प्रत्येक विधानावर हरकत घेण्याची मोकळीक द्यावी.