बाळाला पेटीत ठेवलंय. आणि आईला?

"बाळाला पेटीत ठेवलंय." बाळंतपणाची बातमी विचारायला फोन करावा आणि पलीकडून हे वाक्य यावं, की पुढचं सगळं बोलणं थांबतं. कुणावर गेलंय, वजन किती, पेढे कधी, काही विचारवत नाही. पेटी म्हणजे नेमकं काय हे सांगणाऱ्यालाही माहीत नसतं आणि ऐकणाऱ्यालाही. आज त्या पेटीचा इतिहास लिहितोय. जरा लांबलाय, पण वाचा. कारण या इतिहासात एक प्रश्न १४० वर्षं भिजत पडलाय: बाळ पेटीत गेलं की आईने कुठे जायचं?

पेटीच्या आधी काय होतं? कापूस होता, शेगडी होती आणि आईचं अंग होतं. "कापसात गुंडाळून वाढवलंय" असं आपल्या आज्या सांगायच्या ते खरंच तसं असायचं. सातव्या महिन्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही, असंही सांगायच्या. ते मात्र साफ चूक. पोटात जितके दिवस जास्त तितकं बाळ तगण्याची शक्यता जास्त, एवढा सरळ हिशोब आहे.

पेटीचा जन्म पॅरिसचा. स्टेफान तार्निए हे तिथल्या मातेर्निते या प्रसूती रुग्णालयातले डॉक्टर. शहरातल्या प्राणीबागेत त्यांनी कोंबडीची अंडी उबवायचं यंत्र पाहिलं आणि तिथल्याच कारागिराकडून बाळांसाठी तसली पेटी बनवून घेतली. खाली गरम पाणी, वर बाळं. एका पेटीत सुरुवातीला एकाहून जास्त बाळं ठेवायचे. १८८१ साली ती रुग्णालयात बसली. २ किलोच्या आतल्या बाळांमधले मृत्यू त्यानंतर ६६ टक्क्यांवरून ३८ टक्क्यांवर आल्याची तिथली नोंद आहे. औषध नाही, यंत्राला वीज नाही, फक्त ऊब.

तार्निएंचे शिष्य पिएर ब्यूदँ. माझ्या मते या गोष्टीतला सगळ्यात शहाणा माणूस हा. पेटीत बाळ जगतं, पण घरी गेल्यावर काय, हा प्रश्न त्यांनी विचारला. ज्या आयांना बाळापासून लांब ठेवलं जातं त्यांची बाळाशी नाळ जुळत नाही, त्यांचं दूध आटतं, आणि पेटीतून वाचलेलं बाळ पुढे घरी दगावतं, हे त्यांच्या लक्षात आलं. म्हणून त्यांनी आयांना आत बोलावलं, अंगावर पाजायला लावलं, पेटीला काचा बसवल्या म्हणजे बाळ दिसत राहील. १९०० साली त्यांचं तान्ह्या बाळांवरचं पुस्तक आलं, त्यात हे सगळं आहे. म्हणजे ही गोष्ट वैद्यकाला सव्वाशे वर्षांपूर्वी कळलेली होती. मग विसरली कशी?

विसरायला पहिला हातभार लावला जत्रेने. हो, जत्रेने! मार्टिन कूनी नावाचा गृहस्थ पेट्यांमधली जिवंत बाळं प्रदर्शनात मांडायचा. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर १९०३ ते १९४३ अशी ४० वर्षं त्याचा हा खेळ चालला. तिकीट २५ सेंट. आपल्याकडच्या जत्रेत मौत का कुआँ आणि आकाशपाळणा असतो ना, तशा गर्दीत हा मांडव. कूनीकडे वैद्यकीची पदवी होती असा पुरावा सापडत नाही. पण आईबापांकडून तो एक पैसा घेत नसे, खर्च तिकिटातून निघायचा. परिचारिका उत्तम होत्या, आणि रुग्णालयांनी हात वर केलेली हजारो बाळं त्याच्याकडे वाचली. त्याची स्वतःची मुलगी ६ आठवडे आधी जन्मली, तीही पेटीतच वाढली. त्याला भोंदू म्हणावं की देवमाणूस, मला अजून ठरवता आलेलं नाही. पण त्या मांडवात आईची जागा कठड्याच्या अलीकडे, बघ्यांच्या रांगेत होती.

मग मोठ्या रुग्णालयांनी पेट्या ताब्यात घेतल्या. जंतुसंसर्गाची भीती होती आणि ती खोटी नव्हती, प्रतिजैविकांच्या आधीच्या काळात एक खोकला अख्खा कक्ष रिकामा करू शकत होता. पण उपाय काय केला, तर दार लावून घेतलं. आईबाप बाहेर, काचेतून बघा. पुढे औषधं आली, हात धुण्याची शिस्त आली, दार मात्र बंदच राहिलं.

त्या दाराबाहेर अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाचीही सुटका नव्हती. ७ ऑगस्ट १९६३ रोजी केनेडी दांपत्याला मुलगा झाला, पॅट्रिक. साडेपाच आठवडे आधी, वजन साधारण २ किलो १०० ग्रॅम. फुप्फुसं पिकलेली नव्हती, श्वास लागला. बाळाला बोस्टनला हलवलं. सिझेरियन झालेली आई जॅकलिन मागे, लष्करी तळावरच्या रुग्णालयात. ३९ तासांनी बाळ गेलं. आई तोपर्यंत उठूही शकत नव्हती, अंत्यविधीलाही जाऊ शकली नाही. या आजाराचं मूळ मेरी एलन अॅव्हरी या डॉक्टर बाईंनी १९५९ सालीच शोधलं होतं: फुप्फुसं उघडी ठेवणारा सर्फॅक्टंट नावाचा पदार्थ अशा बाळांत कमी असतो. तो बाहेरून देण्यात जपानमध्ये १९८० साली यश आलं. औषधाचा प्रश्न सुटला. बाळ एका गावात आणि टाके घातलेली बाळंतीण दुसऱ्या गावात, हा प्रश्न आपल्याकडे आजही रोज १०८ च्या गाडीत बसून जिल्ह्याला जातो.

आमच्याच घरात झालं हे. पुतणी ३२ व्या आठवड्यात जन्मली, १ किलो ३५० ग्रॅम. तालुक्याहून तिला जिल्ह्याला नेलं, वहिनी इकडेच. भाऊ तिकडे जिन्याखाली सतरंजी टाकून. तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, आईचं दूध आणा. चीक वाटीत काढून, थर्मासमध्ये घालून, एसटीने ७० किलोमीटर नेला मी. आत पोचेपर्यंत त्यातलं किती उपयोगाचं राहिलं देव जाणे. पाचव्या दिवशी आईने घरी पाटावरवंटा पुजला आणि मला विचारलं, "अरे, सटवाईला तरी आत सोडेल का तो वॉचमन?" सगळे हसले, वहिनी सोडून. नवव्या दिवशी तिने लेकीला पहिल्यांदा हात लावला. परिचारिकांना दोष देणार नाही मी. दोन जणी होत्या, बाळं वीसच्या वर, दोघी पाणी प्यायला बसत नव्हत्या. नियम तेवढा होता: नातेवाईक बाहेर.

आता गंमत बघा. हा नियम चुकीचा आहे हे १९७० पासून छापील आहे. स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी आयांना हात धुऊन, गाऊन घालून आत सोडलं आणि मोजलं. संसर्ग वाढला नाही. १९७८-७९ मध्ये कोलंबियात बोगोटाच्या सरकारी प्रसूती रुग्णालयात पेट्या कमी आणि बाळं जास्त, अशी वेळ आली. डॉ. एडगर रेय सनाब्रिया आणि डॉ. एक्तोर मार्तिनेस यांनी बाळं आयांच्या छातीशी, उघड्या अंगाला अंग लावून बांधली. तेच आपण आज कांगारू मदर केअर म्हणतो. गरिबीतून निघालेला उपाय म्हणून श्रीमंत देशांनी आधी नाकं मुरडली आणि नंतर स्वतःकडे सुरू केला.

आणि आपण? आपण तर या बाबतीत पुढे होतो हो! मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातली पहिली मानवी दुग्धपेढी काढली, धारावीला लागून असलेल्या पालिकेच्या रुग्णालयात. इकडे गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी प्रश्नच उलटा केला. बाळ रुग्णालयापर्यंत पोचत नसेल तर उपचार बाळापर्यंत न्यायचे. ३९ गावांत गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. बाळाचं वजन करणं, ऊब देणं, श्वास अडकला तर फुगा लावणं, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन देणं, सगळं आईच्या डोळ्यासमोर, तिच्याच घरात. तिथले नवजात मृत्यू हजारी ६२ वरून तीन वर्षांत २५ च्या आसपास आले. १९९९ साली लॅन्सेटमध्ये हे प्रसिद्ध झालं, आणि आज देशभर आशाताई बाळाच्या घरी भेटी देतात त्याचं मूळ तिथे आहे.

शेवटचा पुरावा २०२१ चा. भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया इथली पाच रुग्णालयं, त्यात आपलं दिल्लीचं सफदरजंग. १ किलो ते १ किलो ८०० ग्रॅमच्या आतली, स्वतः श्वास घेणारी ३,२०० बाळं. एका गटात आईची खाट थेट अतिदक्षता विभागातच टाकली आणि बाळ जन्मल्याबरोबर तिच्या अंगाशी दिलं, दिवसाला साधारण १७ तास. दुसऱ्या गटात नेहमीची पद्धत: आधी स्थिर होऊ दे, मग आई. पहिल्या गटात २८ दिवसांत १२ टक्के बाळं दगावली, दुसऱ्या गटात १५.७ टक्के. फरक इतका स्पष्ट होता की अभ्यास मध्येच थांबवावा लागला. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस बदलली.

मग अडतंय कुठे? कागदावर कुठेच नाही. बाळांच्या उपचारात आईबापांना आत घेऊन शिकवायचं, ही केंद्र सरकारची मार्गदर्शिका २०१७ ची आहे. आजारी नवजाताचे उपचार मोफत, हे २०११ पासून आहे. पण त्याच योजनेत आईला मोफत जेवण साध्या बाळंतपणात ३ दिवस आणि सिझेरियनला ७ दिवस. बाळ आत महिनाभर असलं तर आठव्या दिवसापासून बाईने कुठे झोपायचं आणि काय खायचं? दूध मात्र दर दोन तासांनी हवं!

९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात कक्षाला आग लागली, १० बाळं गेली, ७ वाचवता आली. आया शेजारी असत्या तर सगळी वाचली असती, असं म्हणणं उथळपणाचं होईल. पण त्यानंतर वायरिंग आणि फायर ऑडिटवर जितकी चर्चा मी ऐकली, तितकी रात्री त्या खोल्यांमध्ये एका बाळामागे किती माणसं असतात यावर ऐकली नाही. वॉर्मर खरेदीची निविदा निघते, उद्घाटनाचा फोटो येतो. आईच्या खाटेची फीत कापायला कोण येणार?

जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून हे करता येतं, खोली, दहा खाटा, दोन न्हाणीघरं आणि जेवणाचं कंत्राट, बस्स. मी आपल्या जिल्ह्यासाठी माहिती अधिकारात अर्ज टाकलाय. नवजात कक्षाला लागून आयांसाठी खाटा किती, आईबापांना आत सोडण्याच्या वेळा कोणत्या आणि त्या कुणाच्या सहीने ठरल्या, आणि गेल्या वर्षी बाळ जिल्ह्याला पण आई तालुक्याला राहिली अशा किती नोंदी आहेत. अर्जाचा मसुदा हवा असेल तर मेसेज करा, पाठवतो. उत्तर आलं की इथेच टाकेन, आणि ३० दिवसांत नाही आलं तर पहिल्या अपिलाची तारीख टाकेन.