व्होर्कुता : कैद्यांनी उभारलेले कोळशाचे शहर

युरोपीय रशियाच्या ईशान्य टोकाला, आर्क्टिक वृत्ताच्याही उत्तरेस, व्होर्कुता आहे. १९३० साली भूवैज्ञानिक गिओर्गी चेर्नोव्ह यांना येथे नदीकाठी उत्तम दगडी कोळसा सापडला. पाठोपाठ कैदी आणले गेले. रस्ता नाही, शेती नाही, पायाखाली बारमाही गोठलेली जमीन. स्वेच्छेने येणार तरी कोण?

या खाणवस्तीचे भाग्य (हा शब्द येथे जपूनच वापरावा) युद्धाने पालटले. १९४१ मध्ये जर्मनांनी डोनबासचा बराचसा भाग घेतला आणि सोव्हिएत संघाचा कोळसापुरवठा कोलमडला. त्याच डिसेंबरात कैद्यांनी टाकलेल्या रुळांवरून पहिली आगगाडी व्होर्कुताला पोहोचली. १९४३ मध्ये वस्ती शहर झाली.

मार्च १९५३ मध्ये स्टालिन वारला. त्यानंतरच्या माफीतून बहुतेक राजकीय कैदी वगळले गेले. जुलैत हजारो कैद्यांनी खाणीत उतरण्यास नकार दिला. कोळसा अडवणे, एवढे एकच शस्त्र त्यांच्या हाती होते. अधिकाऱ्यांनी कपड्यांवरचे क्रमांक आणि खिडक्यांचे गज काढण्याची तयारी दाखवली. संपकऱ्यांना मात्र खटल्यांची फेरतपासणी आणि सुटका हवी होती. १ ऑगस्टला २९ क्रमांकाच्या खाणीवरील छावणीत सैनिकांनी गोळीबार केला. पन्नासहून अधिक कैदी मारले गेले. यूर-शोर येथील दफनभूमीत त्यांच्या कबरी आहेत.

जुलै १९८९ मध्ये व्होर्कुताच्या खाणी पुन्हा संपाने थांबल्या. या वेळी संपावर गेलेले कैदी नव्हते, पगारी कामगार होते.