दोन वर्षांची अट आणि एका सहीची सत्ता

अमेरिकन नागरिकाशी लग्न झाले की ग्रीनकार्ड पक्के, ही समजूत १९८६ पर्यंत बरीचशी खरी होती. त्या वर्षी १० नोव्हेंबरला रोनाल्ड रेगन यांनी लग्नातील फसवणुकीविरुद्धच्या कायद्यावर सही केली आणि नव्या लग्नावर मिळणारे कार्ड कच्चे ठरले. निवासाचा हक्क मिळतेवेळी लग्नाला दोन वर्षे झालेली नसतील, तर कार्ड दोनच वर्षांचे. मुदत संपण्याआधीच्या नव्वद दिवसांत नवरा-बायकोने मिळून अर्ज करायचा, नाहीतर राहण्याचा हक्क गेला. याच कायद्यात आणखी एक अट होती: हद्दपारीची कारवाई चालू असताना लग्न केले, तर आधी दोन वर्षे देशाबाहेर काढायची. पुढच्या काळात या अटींना सवलती जोडल्या गेल्या. त्यांच्याकडे सरकारची दयाबुद्धी म्हणून पाहिले जाते. मला मात्र त्या मूळ नियमातल्या चुकीच्या दुरुस्त्या वाटतात.

ही चूक कुठे होती, ते अर्जातच दिसते. आय-७५१ या अर्जासोबत बँकेचे संयुक्त खाते, घराचा भाडेकरार, करविवरणपत्र, मुलांचे जन्मदाखले जोडतात. संसार खरा आहे की नाही हे या कागदांवरून बऱ्यापैकी कळते. पण सगळे कागद असूनही जोडीदाराची सही नसेल, तर संयुक्त अर्ज होतच नाही. म्हणजे फसवणूक ओळखण्यासाठी केलेल्या व्यवस्थेने एका माणसाच्या हाती दुसऱ्याचे देशात राहणे सोपवले. मारहाण करणाऱ्या नवऱ्याला यापेक्षा मोठे हत्यार कोणते हवे? १९८६ च्या सवलतीही तोकड्या होत्या. हद्दपारीने अतोनात हाल होतील हे दाखवायचे, किंवा लग्न खरे होते आणि सबळ कारणासाठी आपणच ते मोडले, हे सिद्ध करायचे. नवऱ्याने आधी घटस्फोट घेतला, तर हा दुसरा दरवाजा बंद. १९९० मध्ये काँग्रेसने ही विचित्र अट काढली आणि छळ सोसलेल्या जोडीदारासाठी स्वतंत्र सवलत दिली. त्यावर १९९१ च्या नियमांनी मानसिक छळासाठी तज्ज्ञाचा दाखला मागितला. परक्या देशात हाती पैसा नसलेल्या बाईने तो आणायचा कुठून? अखेर १९९४ च्या महिला अत्याचारविरोधी कायद्याने विश्वासार्ह असा कोणताही पुरावा विचारात घेण्याचे बंधन घातले, आणि नवऱ्याने बायकोच्या ग्रीनकार्डासाठी कधी अर्जच भरला नसेल तर पीडितेला तो स्वतः करण्याची मुभा दिली. न्यू जर्सीत १९८५ मध्ये स्थापन झालेल्या ‘मानवी’सारख्या दक्षिण आशियाई स्त्रियांच्या संस्था ज्यांच्यासाठी उभ्या राहिल्या, त्यांच्यातल्या कितीतरी जणींसाठी हे बदल म्हणजे सुटकेची वाट होती.

यावर आक्षेप घेतला जातो की खोटी लग्ने होतातच, दलालही असतात. अट ढिली केली तर त्यांचे फावेल. चिंता रास्त आहे. पण खोट्या लग्नासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड याच १९८६ च्या कायद्यात आहे. शिवाय भीतीचा पायाही कच्चा होता. सुमारे तीस टक्के लग्ने संशयास्पद असल्याचा आकडा १९८५ मध्ये काँग्रेससमोर मांडला गेला. तो संशयांची मोजदाद होता, सिद्ध गुन्ह्यांची नव्हे. देशाबाहेरच्या दोन वर्षांचेही तेच. बाजू मांडण्याची संधी न देता सगळ्यांनाच बाहेर काढणारी ही अट १९९० मध्ये नॉर्थ कॅरोलायनातील एका संघीय न्यायालयाने घटनाबाह्य ठरवली. त्याच वर्षी काँग्रेसनेही, लग्न खरे असल्याचे स्पष्ट व खात्रीलायक पुराव्याने दाखवल्यास देशाबाहेर जाण्याची गरज नाही, असे ठरवले.

दुसरा आक्षेप असा की सवलत दिली की छळाच्या खोट्या तक्रारी होतील. मात्र सिद्ध करण्याचा भार आजही अर्जदारावरच आहे. लग्न खरे होते आणि छळ झाला, या दोन्ही गोष्टी तिलाच दाखवाव्या लागतात. उलट १९९६ च्या कायद्याने, केवळ छळ करणाऱ्याने पुरवलेल्या माहितीवरून तिच्याविरुद्ध निर्णय घेण्यास अधिकाऱ्यांना मनाई केली, कारण सूडापोटी केलेली चुगली हाही छळाचाच भाग असतो. सरकारने लग्नाची पारख जरूर करावी; पण ती पुराव्यावर व्हावी. ती जोडीदाराच्या मर्जीवर टाकली, तर प्रामाणिक लग्न करणारीच त्यात अडकते.