कोड फुकट, नाव मात्र सनचं

हल्ली आपण स्प्रिंग बूटचा प्रोजेक्ट उघडतो, मेन मेथड चालवतो आणि सर्व्हर आतूनच सुरू होतो. ॲप्लिकेशन सर्व्हर नावाची गोष्ट 'निवडायची' असते, हे माझ्या बॅचच्या निम्म्या लोकांना ऐकूनही माहीत नसेल. पण 2003 च्या आसपास ईजेबी, म्हणजे एंटरप्राइज जावाबीन्स, लिहिणाऱ्या टीमला कोडच्या आधी हा निर्णय घ्यावा लागायचा, आणि तो पुढे कित्येक वर्षं मानगुटीवर बसायचा. आमच्याकडे असाच एक जुना जेबॉसवरचा प्रोजेक्ट आलाय, त्यामुळे गेले दोन वीकेंड या इतिहासात गेले. वाईट नाही गेले :-)

ईजेबीची कल्पना साधी होती. ट्रान्झॅक्शन, सुरक्षा, दुसऱ्या मशीनवरून येणारे कॉल ही हमाली कंटेनरनं करायची, तुम्ही फक्त धंद्याचं लॉजिक लिहायचं. स्पेसिफिकेशन सन मायक्रोसिस्टम्सचं, 1998 चं. पुढच्याच वर्षी ते जे2ईई 1.2 मध्ये आलं. कंटेनर कुणीही बनवावा, बीन कुठेही चालावं, असं वचन होतं. वेबलॉजिक किंवा वेबस्फिअर घ्यायचं तर प्रोसेसरमागे पैसे मोजा. म्हणून छोट्या टीमची नजर फुकटच्या पर्यायांकडे जायची.

त्यातला सगळ्यात दांडगा जेबॉस. मार्क फ्लुरी या फ्रेंच माणसानं 1999 मध्ये सुरू केला तेव्हा नाव होतं ईजेबॉस. 'ईजेबी' हा सनचा ट्रेडमार्क, तो वापरता येणार नाही म्हटल्यावर पुढचा 'ई' गळाला. ही गोष्ट गमतीची म्हणून सांगतात, पण मला तर पुढचा सगळा इतिहास त्या एका अक्षरात दिसतो.

तांत्रिक बाजूनं जेबॉस तेव्हा खरंच पुढे होता. बाकीच्या सर्व्हरवर बीन चढवायचं म्हणजे आधी त्यांचं टूल चालवून स्टब तयार करा, कंपाइल करा, मग डिप्लॉय. 2000 साली जेडीके 1.3 मध्ये डायनॅमिक प्रॉक्सी आली आणि स्वीडनच्या रिकार्ड ओबर्गनं जेबॉस 2 ची रचना तिच्यावर उभी केली. जार फाइल डिप्लॉय फोल्डरमध्ये टाका, झालं! सर्व्हर चालू असतानाच. आत जेएमएक्सचा छोटा गाभा, बाकी सगळ्या सेवा त्यावर लटकवलेल्या, नको ती काढून टाका. हे इतकं सोयीचं होतं की लोक बाकी कटकटी सहन करायचे. कटकटी होत्याच. सगळ्या ॲप्लिकेशनचे क्लास एकाच सामायिक ढिगात जायचे, त्यामुळे दोन ॲप्लिकेशनना एकाच लायब्ररीची वेगवेगळी व्हर्जन लागली की मारामारी. शिवाय कोड फुकट, पण नीट डॉक्युमेंटेशन हवं तर विकत घ्या. (मला हा सौदा मान्य आहे. पगार कुठून तरी यायलाच हवा ना.)

दुसरा पर्याय जोनास, फ्रान्सच्या बुल कंपनीचा. शांत, शिस्तशीर, गाजावाजा नाही. शिवाय 1999 पासून ओपनईजेबीही होता, पण तो नुसता कंटेनर, पूर्ण सर्व्हर नव्हे.

आता गंमत बघा. कोड उघडा असला तरी 'जे2ईई' हे नाव लावायचं तर सनच्या हजारो चाचण्या पास व्हायला हव्यात, आणि त्या चाचण्या लायसन्सशिवाय हातातच मिळत नसत. 2002 च्या मार्चमध्ये अपाचेनं भांडून सनकडून ना-नफा संस्थांसाठी वाट मोकळी करून घेतली. जेबॉस पडली कंपनी, तिला ती सवलत कुठली? तिनं 2003 च्या नोव्हेंबरात लायसन्स घेतलं आणि 2004 मध्ये जेबॉस 4 वर शिक्का बसला. जोनासवर 2005 मध्ये.

त्याच 2003 मध्ये जेबॉसमधून फुटलेल्या काही मंडळींनी अपाचेत जेरोनिमो सुरू केला. 31 ऑक्टोबरला जेबॉसच्या वकिलांचं पत्र अपाचेच्या दारात, की आमच्यासारखा कोड तुमच्यात दिसतोय. अपाचेनं तपासून उत्तर दिलं, प्रकल्प चालू राहिला. पण निवड करायला बसलेल्या एखाद्या मॅनेजरनं ते पत्र वाचलं असेल, तर त्याला त्या रात्री झोप लागली असेल का?

आणि शिक्का मिळून काय झालं? आमच्या प्रोजेक्टमध्ये स्टँडर्ड ईजेबी-जार फाइल अगदी आटोपशीर आहे. त्याच्या शेजारी जेबॉसच्या स्वतःच्या एक्सएमएल फाइल्स, कोणतं बीन कोणत्या टेबलाला, कोणत्या नावानं सापडणार, सगळं त्यात. जोनासवर न्यायचं तर तेच सगळं त्यांच्या भाषेत पुन्हा लिहा. 'कुठेही चालेल' हे वचन इथं अडकायचं, प्रमाणपत्र असो नसो. म्हणून माझ्या मते तेव्हा शिक्क्यावरून निवडणारे चुकीचा कागद वाचत होते. वाचायला हवं होतं लायसन्स. जेबॉस एलजीपीएलखाली, म्हणजे सर्व्हर बदलून वाटलात तर ते बदलही उघडे करा. जेरोनिमो अपाचे लायसन्सखाली, कुणीही उचलून आपलं नाव लावावं. आयबीएमनं नेमकं तेच केलं. 2005 मध्ये ग्लूकोड ही कंपनी घेतली आणि जेरोनिमो वेबस्फिअरच्या नावानं दिला.

पुढचं भराभर. 2006 मध्ये रेड हॅटनं जेबॉस किमान 35 कोटी डॉलरना घेतला, वर्षभरात फ्लुरी बाहेर. जेरोनिमो सर्व्हरची 2013 नंतर नवी आवृत्ती नाही. जेबॉसचा मोफत सर्व्हर वाइल्डफ्लाय झाला. 2019 मध्ये आयबीएमनं 34 अब्ज डॉलर मोजून रेड हॅटच घेतली. म्हणजे ज्याला टक्कर द्यायला जेरोनिमो जवळ केला, तो जेबॉस शेवटी आयबीएमच्याच घरात.

तोवर सन ओरॅकलच्या पोटात गेलं होतं. ओरॅकलनं 2017 मध्ये जावा ईई एक्लिप्सला द्यायचं ठरवलं, पण 'जावा' हे नाव दिलं नाही. प्लॅटफॉर्म झाला जकार्ता ईई, आणि 2020 च्या डिसेंबरात जकार्ता ईई 9 आलं तेव्हा 'जावाएक्स'नं सुरू होणारे त्याचे सगळे इम्पोर्ट बदलून 'जकार्ता' करावे लागले. सध्या आमचं तेच काम चाललंय. स्टँडर्ड म्हणून निर्धास्तपणे वापरलेल्या ओळी एकेक करून बदलतोय. 'ऑर्ग डॉट जेबॉस'नं सुरू होणाऱ्यांच्या नावाला मात्र अजून कुणी हात लावलेला नाही.