बारीक छिद्राची कुळकथा

इंदुरास राजवाड्याजवळच्या सराफ्यात दिवसा सोन्यारूप्याचा व्यवहार चालतो आणि रात्री दुकाने बंद झाल्यावर त्याच ओट्यांसमोर भुट्ट्याचा कीस, गराडू, दहीवडे आणि जिलब्या यांचा बाजार भरतो, हे मुलूखभर ठाऊक आहे. परंतु या दोन्ही व्यवहारांच्या मुळाशी सूक्ष्म छिद्रातून मोजून सोडलेल्या वायूने अगर इंधनाने नियमात ठेवलेला अग्नी आहे, ही गोष्ट तेथे नित्य ये-जा करणाऱ्यांच्याही सहसा ध्यानात येत नाही. जुन्या पद्धतीचा कारागीर डाक लावावयास बसतो तेव्हा दिव्याच्या ज्योतीपाशी तो वाकडी फुंकणी धरतो, जिला येथली बाजारभाषा बंकनाल म्हणते, आणि नाकाने श्वास घेत असतानाच गालांत साठवलेला वारा तोंडाने अखंड सोडत राहतो. ज्योत आडवी होते, निमुळती होते, आणि तिचे निळे टोक बरोबर सांध्यावर टेकते. टाकणखार प्रथम फुगून पांढरा होतो, मग वितळून पारदर्शक बनतो, आणि त्यानंतर एका निमिषात डाक चकाकून सांध्यात शिरतो. दागिन्याच्या उरलेल्या अंगास धक्का लागत नाही. हे सारे त्या फुंकणीच्या तोंडाशी असलेल्या छिद्राच्या जोरावर घडते. ते रुंद असते तर कितीही दम लावला तरी ज्योतीला टोक आले नसते.

मोटारीच्या इंजिनात पेट्रोल सोडणारा इंजेक्टर बारीक छिद्राच्या याच घराण्यात जन्मला, असे माझे मत आहे. आणि गाडी अडखळू लागली किंवा मनासारखी धावेनाशी झाली म्हणजे तो साफ करून घ्यावा की काढून अधिक मोठा बसवावा, असा जो प्रश्न मोटारधारकांपुढे आज वारंवार उभा राहतो, त्याचा निवाडा या घराण्याचा इतिहास पाहिल्यावाचून नीटसा होत नाही.

या कुळातील ज्या वस्तूशी मराठी गृहिणीचा निकटचा परिचय झाला ती म्हणजे पंप मारावयाचा रॉकेलचा स्टोव्ह. १८९२ साली स्टॉकहोमच्या फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट याने वात नसलेला जो 'प्रायमस' स्टोव्ह सिद्ध केला, त्यात दाबाखालचे रॉकेल तापलेल्या नळीतून जाता जाता वाफ होते आणि एका बारीक भोकातून उसळून हवेत मिसळते, म्हणून ज्योत निळी व निर्धूर राहते. या भोकात काजळी बसे, आणि ती काढण्यासाठी पत्र्याच्या पट्टीला जडवलेली तारेची पिन प्रत्येक घरात चुलीजवळ हाताशी असे. पिन बारीक असली आणि हात हलका असला तर काम होई. पण उतावीळ माणसाने जाड तार घालून भोक मोठे केले की ज्योत पिवळी पडे, भांड्यांचे बूड काळे होई, आणि रॉकेल मात्र दुप्पट वेगाने सरे. भोकातून इंधन अधिक आले, परंतु त्यास जाळण्याइतकी हवा बर्नरला ओढून घेता आली नाही, एवढेच त्याचे कारण. अधिक इंधन म्हणजे अधिक उष्णता हा हिशेब हवेच्या संमतीवाचून खरा ठरत नाही, याचा दाखला त्या काळ्या बुडांनी घरोघर देऊन ठेवला होता.

मोटारीत प्रथम अंमल बसला तो कार्ब्युरेटरचा. १८९३ च्या सुमारास जर्मनीत विल्हेल्म मायबाख याने, आणि बुडापेस्टात दोनात बांकी व यानोश चोंका या जोडीने, हवेच्या ओढीने पेट्रोल छिद्रातून फवारले जाईल अशी रचना केली, आणि पुढे पाऊण शतकाहून अधिक काळ जगातील बहुतेक मोटारी याच तत्त्वावर धावल्या. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर यांनी १९३६ च्या सुमारास गर्नी नटिंगकडून बॉडी बांधून घेतलेली ती ख्यातनाम ड्युझेनबर्ग घ्या, की कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली मध्यमवर्गाची प्रीमियर पद्मिनी घ्या, दोहींच्या पोटी कार्ब्युरेटरच. पद्मिनी बंद पडली की मिस्त्री पितळी जेट उलगडून हातावर घेई, उजेडाकडे धरून पाही, आणि तोंडास लावून जोराने फुंकर मारी. समंजस मिस्त्री इतक्यावर थांबे. अडाणी मिस्त्री तांब्याच्या वायरीचा तंतू आत सारी, आणि कंपनीने ठरवून दिलेले माप त्या दिवसापासून कायमचे बिघडे.

डिझेल इंजिनाची शाखा या कुळात सर्वांत कष्टाने वाढली. रुडॉल्फ डिझेल याला १८९३ मध्ये पेटंटची सनद मिळाली आणि १८९७ मध्ये आउग्सबुर्ग येथे त्याचे इंजिन यशस्वी झाले, परंतु आतील प्रचंड दाबाविरुद्ध तेल आत ढकलावे कसे, या कोड्यासाठी त्याला निराळा वायुदाबक बाळगावा लागे, आणि त्या जडशीळ सरंजामामुळे ते इंजिन जमिनीवर ठाण मांडून बसण्यापलीकडे किंवा जहाजात शिरण्यापलीकडे जाऊ शकेना. केवळ तेलालाच दाबून ते सुईने मिटणाऱ्या छिद्रातून फवारावे, या मार्गावर मॅनहाइमच्या बेंझ कारखान्यात प्रॉस्पर लोरांज याने झटून काम केले. आणि स्टुटगार्टच्या रोबेर्ट बॉश याच्या कारखान्यातून १९२७ मध्ये इंधनाचे पंप घाऊक प्रमाणावर बाहेर पडू लागले तेव्हा कुठे डिझेल रस्त्यावर आले. १९३६ ची मर्सिडीझ २६० डी ही त्याची मोटारीतील पहिली मोठी निशाणी. स्वतः डिझेल हे पाहण्यास उरला नव्हता. १९१३ च्या सप्टेंबरात इंग्लंडकडे निघालेल्या आगबोटीवरून तो नाहीसा झाला होता.

आपल्याकडे 'नोझल' हा शब्द खेडोपाडी रुजवला तो मोटारीने नव्हे, शेतीच्या इंजिनाने. १९४६ मध्ये पुण्यास किर्लोस्कर ऑइल इंजिन्स निघाली आणि विहिरीवर डिझेल इंजिन बसले, त्यासरशी तालुक्याच्या गावी पंप-नोझलची दुरुस्ती करणारा नवा कारागीर उदयास आला. त्याची परीक्षा पाहण्यासारखी असते. नोझल परीक्षायंत्रावर चढवून तो दांडा हळूहळू दाबतो. काटा दोनशे बारच्या आसपास चढतो. आणि मग नोझल उघडताना करकर असा कोरडा, तुटक आवाज येऊन तुषारांचा बारीक धूर बाहेर पडतो. आवाज नुसता फुसका आला, धार एकीकडे कलली किंवा दांडा सोडल्यावर टोकाशी थेंब लोंबला, तर त्याला निदानासाठी आणखी काही लागत नाही. पुढे नाशिकच्या सातपूर वसाहतीत मायको कंपनीच्या कारखान्यातून नोझल आणि इंजेक्टर निघू लागले, आणि त्या शहरात मायको सर्कल हे चौकाचे नावच होऊन बसले. सुई आणि तिची खोळ यांच्यामधील फट तेथे मायक्रॉनच्या दोन-चार मात्रांत राखावी लागते, माणसाचा केस सुमारे सत्तर मायक्रॉन जाड असतो. असे काम ज्या हातांनी मराठी मुलखात केले त्यांची नोंद वाङ्मयाने घेतली नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

छिद्र किती असावे या प्रश्नाचा सर्वांत बोधप्रद प्रसंग दुसऱ्या महायुद्धात घडला. ब्रिटिशांच्या स्पिटफायर व हरिकेन विमानांतील मर्लिन इंजिनास तरंगत्या गोळ्याचा (फ्लोटचा) कार्ब्युरेटर होता, आणि वैमानिकाने नाक एकाएकी खाली करून सूर मारला की इंधन भलतीकडे उसळून इंजिन प्रथम उपाशी पडे आणि पाठोपाठ अतिरिक्त पेट्रोलने गुदमरे. जर्मन मेसरश्मिटच्या डेमलर-बेंझ इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरात दाबाने सोडण्याची सोय असल्यामुळे ते विमान न अडखळता निसटून जाई. सरळ उपाय म्हणजे सगळी इंधनव्यवस्थाच बदलणे. पण युद्ध ऐन भरात असताना विमाने कारखान्यात परत बोलावणे शक्य नव्हते. फार्नबरोच्या शाही विमानसंशोधन संस्थेतील बिअट्रिस शिलिंग या अभियंत्रीने असे ताडले की गुदमरण्याचे कारण इंधनाची अमर्याद आवक हेच आहे. आणि इंजिनाला पूर्ण जोरावर असताना जेवढे पेट्रोल लागते तेवढेच जाऊ देणारे छिद्र पाडलेली धातूची एक लहानशी चकती तिने इंधनाच्या वाटेत बसवली. १९४१ च्या आरंभी ती आणि तिचे सहकारी विमानतळामागून विमानतळ फिरून विमान सेवेतून न काढता ही चकती बसवीत गेले. दोष यामुळे समूळ गेला नाही, त्यासाठी पुढे नव्या धर्तीचा कार्ब्युरेटर यावा लागला. परंतु तोवर इंजिने चालू राहिली, आणि ती छिद्र मोठे करून नव्हे, मापात आणून. या चकतीएवढी नेमकी यंत्रबुद्धी मला फार थोड्या ठिकाणी आढळली आहे.

शांततेच्या काळात पेट्रोलच्या मोटारीत इंजेक्टर गाजला तो १९५४ च्या मर्सिडीझ ३०० एसएलसारख्या धनिकांच्या गाड्यांतून. १९६७ मध्ये बॉशच्या डी-जेट्रॉनिक रचनेने फोक्सवॅगन १६०० मध्ये त्याच्या हुकमाची सूत्रे विजेच्या मेंदूकडे सोपवली. आपल्याकडे हे स्थित्यंतर न्यायालयाच्या फर्मानाने घडले म्हटले तरी चालेल. एप्रिल १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरात नव्या मोटारींना युरोपीय धर्तीचे उत्सर्जननियम मुदत घालून लागू केले, आणि १९८३ पासून कार्ब्युरेटरवर धावणाऱ्या मारुती ८०० लाही शतकाच्या वळणावर इंजेक्टरची दीक्षा घ्यावी लागली. २०२० च्या भारत स्टेज सहा या उत्सर्जननियमाने दुचाकींचाही कार्ब्युरेटर जवळजवळ हद्दपार केला.

आता या वंशजाचा कारभार कसा चालतो ते पाहावे, म्हणजे मूळ प्रश्न आपोआप उकलू लागेल. सामान्य पेट्रोलगाडीत इंधन सुमारे तीन बार दाबाने इंजेक्टरच्या माथ्याशी उभे असते. संगणकाने वीज दिली की वेटोळ्याच्या चुंबकाने सुई उचलली जाते, आणि काही सहस्रांश सेकंदांनी पुन्हा बसते. आत येणारी हवा मोजून तिच्या प्रमाणात ही उघडझाप किती काळ चालावी, हे संगणक ठरवतो. म्हणजे इंजेक्टर केवळ हुकमाचा ताबेदार आहे; जोर निर्माण करण्याचा अधिकार त्याला कधीच नव्हता. गाडी बंद केल्यावर इंजिनाच्या उष्णतेने त्याच्या टोकाशी उरलेल्या पेट्रोलचा हलका भाग उडून जातो आणि जड भाग चिकट थर होऊन राहतो. सराफ्यापासून शहरातल्याच छप्पन दुकानापर्यंत जाऊन लगेच परतणाऱ्या, म्हणजे वारंवार थांबणाऱ्या गाडीत हे अधिक घडते. १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेत या थरांनी इतका उच्छाद मांडला की १९९५ पासून तेथे पेट्रोलात मलशोधक द्रव्य मिसळणे सक्तीचे झाले.

सराफ्यात आजीची पाटली घेऊन आलेल्या गिऱ्हाइकापुढे हाच प्रश्न असतो, उजळून घ्यावी की आटवून नवी घडवावी. आणि सचोटीचा सराफ कस लावून वजन केल्याखेरीज तोंडातून सल्ला काढीत नाही. आमच्या गॅरेजांत मात्र पडताळ्यावाचून एक तर दर सर्व्हिसला टाकीत औषधाची बाटली ओततात, नाहीतर मोठ्या इंजेक्टरांचा संच गळ्यात बांधतात. या दोन्ही रिवाजांवर माझा सारखाच राग आहे, कारण दोन्हींत मोजदाद नाही.

मोजदादीस फार खटाटोप लागत नाही. चारही इंजेक्टर काढून चाचणीच्या मेजावर ओळीने लावले, की खालच्या अंकित काचनळ्यांत द्रव चढताना दिसतो. एक नळी बाकीच्या तिघींच्या मागे राहिली, किंवा एकाचा तुषार शंकूऐवजी धारेने पडला, तर दोष उघड होतो. अशा वेळी श्राव्यातीत कंपनांच्या टाकीत धुवून, माथ्यावरची चिमुकली जाळी आणि रबरी कडी नवी घालून, पुन्हा मोजावे. चौघांतील फरक शेकडा पाचाच्या आत आला तर नवे घेण्याचे प्रयोजन उरत नाही. धुतल्यावरही बंद स्थितीत थेंब गळत असेल किंवा वेटोळे तुटले असेल, तर त्याच मापाचा नवा घ्यावा. मोठ्या मापाची तजवीज फक्त तेव्हा, जेव्हा टर्बो वगैरे बसवून हवाच अधिक येऊ लागली असेल. मिनिटाला सहा हजार फेऱ्यांना इंजिनाचे दोन फेऱ्यांचे एक आवर्तन वीस सहस्रांश सेकंदांत आटोपते; त्यांपैकी सोळा-सतरा सहस्रांश इंजेक्टर उघडाच राहत असेल, तर त्याच्या अंगात आता सवड उरली नाही, आणि तेव्हा मोठा इंजेक्टर व त्याबरोबर संगणकाच्या दप्तरातील नवे कोष्टक, दोन्ही हवीत. कोष्टक न बदलता नुसता मोठा बसवला, तर गाडी संथ चालीवर धुरकट होते. स्टोव्हच्या वडिलोपार्जित काळ्या बुडाची ती पुनरावृत्तीच.

वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलाने या हिशेबात एक नवी रक्कम घातली आहे. शुद्ध पेट्रोलाच्या एका भागास १४.७ भाग हवा लागते, या मिश्रणास सुमारे साडेतेरा. म्हणजे त्याच हवेसाठी इंजेक्टरला किंचित अधिक काळ उघडे राहावे लागते. चांगल्या स्थितीतील इंजेक्टरला हा भार सहज पेलतो, अर्धवट तुंबलेल्याला पेलत नाही. शिवाय इथेनॉल जुन्या टाकीतला मळ सोडवून पुढे ढकलते, म्हणून अशा गाडीत इंजेक्टरच्या आधी इंधनाची गाळणी तपासावी. 'कॉमन रेल' पद्धतीचे डिझेलचे आधुनिक इंजेक्टर, ज्यांचा दाब दोन हजार बारच्या घरात जातो, त्यांचा कायदा आणखी कडक आहे: त्यांतील पुष्कळांवर कारखान्यातील चाचणीनंतर दुरुस्तीचा कूटांक कोरलेला असतो, आणि इंजेक्टर बदलला की तो अंक त्या त्या सिलिंडरच्या नावे संगणकात दाखल करावा लागतो. जुने इंजेक्टर धुऊन परत बसवतानाही ज्याचा जो सिलिंडर त्यातच तो जावा, याची खातरजमा मिस्त्रीकडून गाडी ताब्यात घेण्यापूर्वी करावी.