राष्ट्रांचीं सोंगें

परका माणूस आपणांस प्रथम भेटतो तो बहुधा सोंगाच्या रूपानें. इंग्रज म्हटला कीं चहा, जर्मन म्हटला कीं शिस्त, आणि हिंदुस्थानी म्हटला कीं पुंगी व नाग! हीं सोंगें निरुपद्रवी असतात काय? जपानी रेखाचित्रपटांचा, म्हणजे ज्यांस ‘ॲनिमे’ म्हणतात त्यांचा, इतिहास या प्रश्नावर बराच प्रकाश पाडतो.

१९४५ सालच्या एप्रिलांत मित्सुयो सेओ यांचा ‘मोमोतारो, उमि नो शिम्पेइ’ हा ७४ मिनिटांचा चित्रपट जपानांत प्रदर्शित झाला. त्याचा आश्रयदाता जपानी आरमार. लोककथेंतील बालवीर मोमोतारो पशुसैन्यासह दक्षिणेकडील एका बेटावर उतरतो. तेथील गोऱ्या सैनिकांच्या डोक्यावर राक्षसाचें शिंग आहे, आणि ते चांचरत शरण येतात. शत्रूचें सोंग असें असावें, यांत नवल नाहीं. पण मित्राचें सोंग पाहा. बेटावरचे पशू भोळे, आनंदी, जपानी मुळाक्षरें गाण्यांतून शिकणारे! ज्यांस मुक्त करावयाचें, त्यांसही आधीं अजाण ठरवावें लागतें; साम्राज्याचा अधिकार त्या अजाणपणावरच उभा असतो.

युद्ध संपलें, शिंग गळालें; सोंग मात्र राहिलें. १९९४ मध्यें सुरू झालेल्या ‘मोबाइल फायटर जी गंडम’ मालिकेंत राष्ट्रें युद्धाऐवजीं दर चार वर्षांनीं आपापला यंत्रमल्ल झुंजीस पाठवितात. हॉलंडचा मल्ल पवनचक्कीच्या रूपाचा, हिंदुस्थानचा नागाच्या! येथें द्वेष नाहीं. आहे तो कल्पनेचा आळस.

हिदेकाझ हिमारुया यांच्या ‘हेतालिया’ चित्रकथेंत तर राष्ट्रेंच माणसें झालीं. ‘हेतारे’ म्हणजे कुचकामी. त्यास ‘इटालिया’ जोडून हें नांव बनलें. इटली रडवा, जर्मनी करडा, जपान मितभाषी. जपाननें येथें स्वतःसही सोडलें नाहीं, हें मान्य केलें पाहिजे. तरीही कोरियाच्या पात्राविरुद्ध त्या देशांत निषेध उसळला, आणि जानेवारी २००९ मध्यें या मालिकेचें दूरचित्रवाणीवरील प्रक्षेपण आरंभापूर्वींच रद्द झालें. पुढें ती इंटरनेटवरून व मोबाइलवरून दाखविली गेली.

इटलीच्या सोंगावर असें वादळ उठलें नाहीं, मग कोरियाच्याच कां? कोरियावर १९१० ते १९४५ पर्यंत जपानचें राज्य होतें. बरोबरीच्या माणसानें केलेली थट्टा हसून परतवितां येते. जुन्या धन्याची थट्टा जुन्या हुकुमासारखी ऐकूं येते.

आमच्याही रंगभूमीनें मारवाडी सावकार आणि मोडकी मराठी बोलणारा परप्रांतीय वर्षानुवर्षें नाचविला, व आपण पोटभर हसलों. परदेशीं रंगविलेला नाग पाहून आपल्या कपाळाला आठी पडते. तशीच आठी त्या वेळीं शेजारच्या खुर्चींत बसलेल्या कोणाच्या कपाळीं पडली होती काय, हें वळून पाहण्याचें मात्र आपणांस सुचलें नाहीं.