विष उतरवणारे घोडे

मंडळी, आमच्या सेनगावकडे सोयाबीन कापताना विळा लागला की कोणीतरी म्हणतंच, "धनुर्वाताची सुई घेऊन या बरं!" पण ही सुई जंतू मारत नाही. धनुर्वाताचा जंतू जखमेतच बसून राहतो, माणूस जातो तो त्याने सोडलेल्या विषाने. सुई शरीराला त्या विषाचा उतारा बनवायला शिकवते.

ही युक्ती अँटिबायोटिक्सपेक्षा जुनी आहे. १८९० मध्ये बर्लिनला बेहरिंग आणि कितासातो यांनी दाखवलं, की एका प्राण्याच्या रक्तात तयार झालेला उतारा दुसऱ्यालाही वाचवतो. १८९४ मध्ये पॅरिसला रू यांनी घोड्यांचं सीरम टोचून घटसर्पाच्या पोरांचं मृत्यूचं प्रमाण साधारण ५२ टक्क्यांवरून २५ च्या आसपास आणलं. पेनिसिलिन तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नव्हतं!

आपल्याकडचा किस्सा तर भन्नाट आहे. मुंबईत परळच्या हाफकिन संस्थेला सीरमसाठी घोडे लागायचे. पूनावालांच्या स्टड फार्मवरचे निवृत्त घोडे तिकडे जायचे. सायरस पूनावालांनी विचार केला, घोडे आपले तर सीरमही आपणच का बनवू नये? १९६६ मध्ये पुण्यात सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली आणि सुरुवात झाली धनुर्वाताच्या अँटिटॉक्सिनने. आज तिला सगळे लसींसाठी ओळखतात, पण नावातलं 'सीरम' ते हेच.

मग अँटिबायोटिक्स आली आणि ही वाट मागे पडली. आता जंतू औषधांना दाद देईनात, तेव्हा संशोधक पुन्हा इकडे वळलेत. हिशोब साधा आहे: जंतूच्या जिवावर उठलं की औषधातून वाचलेलेच पुढे वाढतात. नुसतं विष अडवलं तर हा दबाव कमी पडावा.

पण ही जादूची कांडी नाही हं. एका विषाचा उतारा दुसऱ्याला चालत नाही आणि विष पेशीत शिरलं की उशीर झालेला असतो. क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या आतड्यातल्या जंतूच्या विषावरचं बेझलोटॉक्सुमॅब २०१६ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, तेही अँटिबायोटिकच्या जोडीनेच द्यायचं. जानेवारी २०२५ मध्ये कंपनीने ते बंदही केलं. म्हणजे विज्ञान जमलं तरी औषध टिकेलच असं नाही.

असो. भारतात बाळंतिणी आणि नवजात बाळांच्या धनुर्वाताचं उच्चाटन झाल्याचं २०१५ मध्ये जाहीर झालं. जंतू मात्र मातीत आहे तिथेच आहे. आपण फक्त त्याचं विष निकामी केलं. तुमची शेवटची सुई कधी झाली, आठवतंय का?